आधी जुन्या फोनात

आमच्या पारनेरकडे कांद्याचं बी ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतात. तरी आई ते थेट वाफ्यात टाकत नाही. चिमूटभर ओल्या फडक्यात बांधून आधी उगवतंय का ते बघते.

परवा मला बाजारभावाचं एक ॲप हवं होतं. ते नेहमीच्या स्टोअरवर नव्हतं, दुसऱ्याच स्टोअरवर होतं. तिथून घ्यायला गेले तर फोन सारखा धोक्याची सूचना दाखवायला लागला. मी वैतागले. फोन माझा, आणि परवानगी त्याची का घ्यायची?

आई म्हणाली, "चिडती कशाला? आदी जुन्या फोनात टाकून बग की."

जुन्या फोनात बँक नव्हती, फोटो नव्हते. त्यात टाकल्यावर ॲपने सगळ्यांचे नंबर मागितले. मी नाही म्हटलं, तरी ते मुकाट्याने भाव दाखवत राहिलं.

आता खिडकीत बियाच्या फडक्याशेजारी जुना फोन असतो; नवं ॲप आधी त्यातच टाकते. येता-जाता आई विचारते, "तुझं उगावलं का?"