गळाला लागलेली गांडुळं
ओल्या गोणपाटाचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. परसात विटांचा हौद बांधून, शेण-पाला घालून, राहुरीहून आणलेली गांडुळं मी अशी पोसली होती, की धामणीनं वाट सोडावी! एका सकाळी हौदावरचं ओलं गोणपाट उचलतो, तर आत औषधालाही गांडूळ नाही. दुपारी मेहुणा मुळा धरणावरून मासे घेऊन हजर. "दाजी, तुमची गांडुळं गळाला लई भारी हायत!" मी उसळलो, "अरे चोरा, वांग्यांना खत व्हावं म्हणून पोटच्या पोरांसारखी वाढवली हुती!" बायको अर्थात भावाच्या बाजूनं. म्हणाली, "वरडू नका, रस्सा निवतोय." जेवलो. पण आजही शपथेवर सांगतो, निव्वळ संतापानं जेवलो. म्हणून तर मेहुण्याच्या ताटात काट्यांशिवाय काही पडू दिलं नाही.