मावशीच्या हातातला दोर

पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात उतरायला बायकांना शिकवणारा आमचा वर्ग ऐंशीच्या दशकात खारदांड्याच्या एका कोळी मावशीच्या होडीतून चालायचा. शिकवणारी मी, आणि सगळ्यांत भित्रीही मीच. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नसे. म्हणून कमरेला दोर, आणि त्याचं टोक मावशीच्या हातात. तीन हिसके दिले की तिनं वर घ्यायचं, पण सावकाश. घाईनं ओढलं तर फुप्फुस फाटतं.

त्या दिवशी तळाशी माझा पाय जुन्या जाळ्यात अडकला. कसाबसा सोडवला, पण पाचावर धारण बसली होती. मी हिसक्यांवर हिसके दिले. दोर मात्र वीतवीतच सरकत होता. जन्मभर भराभर जाळी ओढणारी ही बाई आजच का रेंगाळतेय? मनातल्या मनात तिला शिव्या घातल्या.

वर आले, तर मावशीचा ओठ रक्ताळलेला. हात आवरायला तिनं ओठच दातांखाली धरला होता.

पुढची पाळी तिच्याच लेकीची होती. मावशीनं दोर माझ्या हातात कोंबला.

"हिला तू धर. माझे हात थांबायचे नाहीत."