मामांचं मत

आमच्या गावच्या नगराध्यक्षपदासाठी पक्षाचं तिकीट एक होतं आणि मागणारे दोघं. एक माझे मामा. पंचवीस वर्षं त्यांनी पक्षाच्या सतरंज्या घातल्या आणि उचलल्या, भिंतींवर घोषणा लिहिल्या, आणि प्रत्येक सभेच्या आधी माइकवर 'हॅलो, हॅलो' म्हणून पाहिलं. तेवढंच त्यांचं जाहीर भाषण. दुसरे एक कंत्राटदार. ते आठ महिन्यांपूर्वी पक्षात आले आणि आल्याबरोबर स्वतःच्या फोटोखाली 'निष्ठावंत' लिहिलेला बॅनर त्यांनी चौकात लावला.

मामांना तिकीट फार हवं होतं. बोलून दाखवत नसत, पण अर्जाच्या फोटोसाठी ते मुद्दाम जालन्याला गेले आणि स्टुडिओवाल्याचा कोट अंगात घालून फोटो काढून आले. मामांना कोटात मी पहिल्यांदाच पाहिलं. मामीनं तो फोटो फ्रिजवर चिकटवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "कोट त्यांचा न्हाई बरं का" असं आपणहून सांगून टाकलं.

आता असं घोडं अडल्यावर पक्षानं काय करावं? मला विचाराल तर सरळ मतदान घ्यावं, मोजावं आणि जे येईल ते मानावं. पण पक्षांना हे सगळ्यात शेवटी सुचतं. आधी सर्व्हे झाला. फोनमधून एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात सांगायची, अमुक पसंत असतील तर एक दाबा, तमुक पसंत असतील तर दोन. मामीला फोन आला तेव्हा तिचे हात भाकरीच्या पिठात होते, तिनं कोपरानं काहीतरी दाबलं. अशा सर्व्हेत दोघंही पहिले आले. निदान दोघांच्या माणसांनी गावभर तसंच सांगितलं.

मग कुणीतरी राजूरचा तोडगा काढला. गणपतीसमोर दोघांनी शपथ घ्यायची, की ज्याला तिकीट मिळेल त्याचं काम दुसरा मनापासून करील. दोघं दोन गाड्यांतून गेले, शेजारी उभं राहून हात जोडले, पेढे वाटून खाल्ले. परत आल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी जाहीर केलं की समोरच्यानं माघार घ्यायची शपथ घेतली. गणपती काही खुलासा करायला आला नाही.

शेवटी पक्षाचे निरीक्षक आले. बाहेरच्या जिल्ह्यातले, पांढरे बूट घातलेले. मंगल कार्यालयात सगळ्या पदाधिकाऱ्यांना बसवून त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "आपसांत एकमत करा." एकमत होत नव्हतं म्हणूनच त्यांना बोलावलं होतं, हे त्यांना सांगायची कुणाची हिंमत नव्हती. मामा बीपीची गोळी घरी विसरले होते, ती द्यायला मी तिथं गेले होते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "साहेब, उद्या तुम्ही सगळ्या गावाकडं मतं मागणार. मग आज आतल्या आत एकदा मत द्यायला काय हरकत आहे?" मंगल कार्यालयात कुणी मर्तिकाचा विषय काढावा तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पण त्यांना अंधार पडायच्या आत परतायचं होतं. ते हो म्हणाले.

यादीत एकोणचाळीस पदाधिकारी होते, दोन्ही उमेदवार धरून. मतं मोजायची कुणी, यावर पाऊण तास गेला. मी गणिताच्या शिकवण्या घेते. मी मामांची भाची, आणि कंत्राटदारांची दोन्ही मुलं माझ्याकडं शिकायला. दोन्हीकडून पक्षपाती म्हणजे निष्पक्ष, असा हिशोब करून सगळे माझ्या नावावर एक झाले. त्या दिवसातलं पक्षाचं ते एकमेव एकमत.

मतपेटी नव्हती. स्वयंपाकघरातून वरणाचं मोठं पातेलं आणलं आणि त्यावर परात ठेवली. चिठ्ठ्या कापून होईपर्यंत मामा खुर्च्यांच्या रांगांतून फिरत होते. प्रत्येकापुढं वाकून हात जोडत होते. "लक्ष असू द्या भाऊ. एवढ्या बारीला माझ्यावर लक्ष असू द्या." त्यांना स्वतःसाठी काही मागताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मतदान झालं. मी टेबलावर चिठ्ठ्या ओतल्या, त्यांना फोडणीचा वास येत होता. गुप्त मतदान आपल्या लोकांना अजून नीट जमत नाही. कुणी नावापुढं 'साहेब' लिहिलं होतं, कुणी 'हार्दिक शुभेच्छा'. एकानं खाली स्वतःची सहीच ठोकली होती. एकानं कंत्राटदारांच्या नावात दोन चुका केल्या होत्या, आणि माझा हात सवयीनं लाल पेन शोधायला लागला. अडतीस चिठ्ठ्या झाल्या तेव्हा मामांना एकोणीस होत्या आणि कंत्राटदारांना एकोणीस. लोक खुर्च्या पुढं ओढून बसले. मी एकोणचाळिसावी चिठ्ठी उघडली. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. 'पक्षश्रेष्ठी ठरवतील ते मान्य,' असं लिहिलं होतं, आणि पुढं ठसठशीत पूर्णविराम.

अक्षर मी लगेच ओळखलं. 'क्ष'ला तशी लांब शेपटी काढणारा गावात एकच माणूस आहे, गावातल्या निम्म्या भिंती त्यानंच लिहिल्यात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, पक्षानंच तर विचारलंय तुम्हाला! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंय, तर पुन्हा त्यालाच काय सोपवता? मी मामांकडं पाहिलं. ते पंख्याकडं बघत होते. एक क्षण वाटलं, खुशाल त्यांचंच नाव वाचावं आणि चिठ्ठी चुरगाळून टाकावी. पण निरीक्षक माझ्या खांद्यावरून वाचत होते.

"वा! ह्याला म्हणतात निष्ठा," ते म्हणाले. मग त्यांनी ती चिठ्ठी बाद केली आणि घडी घालून खिशात ठेवली.

कुणी म्हणालं नाणं उडवा, कुणी म्हणालं पुन्हा मत घ्या. निरीक्षकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि दोघांना उभं करून एकच प्रश्न विचारला. तिकीट मिळालं नाही तर काय कराल?

"माझं काय न्हाई साहेब," कंत्राटदार म्हणाले, "पण माझी माणसं बिलकुल ऐकायची न्हाईत. उद्याच्याला दुसऱ्या पक्षाकडून फॉर्म भरायला लावतील."

"मी कुठं जाऊन राह्यलो साहेब?" मामा म्हणाले. "द्याल ते काम करू."

निरीक्षकांचा चेहरा खुलला. एवढा वेळ त्यांना जे सुटत नव्हतं ते आता चुटकीसरशी सुटलं. जो पक्ष सोडून जाईल त्याला तिकीट, जो जाणार नाही त्याला सतरंजी. त्यांनी पिशवीतून एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद काढला आणि कंत्राटदारांच्या हातात दिला. मामांना प्रचारप्रमुख केलं. मामांसाठी टाळ्या जरा जास्तच वाजल्या. वाजवणाऱ्यांत सर्वांत पुढं कंत्राटदार होते.

मामांना घरी सोडायला मी स्कूटीवर घेऊन आले. मामीनं दारातच आमची तोंडं पाहून ओळखलं. काही न विचारता चहा टाकला, आणि कप पुढं ठेवल्यावर मग विचारलं, "किती पडली तुम्हाला?"

"एकोणीस. त्यांलाबी एकोणीस," मामा म्हणाले आणि जरा ताठ बसले. "बराबरीत सुटलं. एकोणीस माणसं आपल्या बाजूनं उभी राह्यली, काय कमी झालं का?"

"तुमचं धरून?"

मामा बशीत चहा ओतत होते, ते थांबले. "मत गुप्त असतंय," म्हणाले.

"माझ्यापसून?"

मी मान खाली घालून बिस्किटाचा पुडा फोडायला लागले. मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, मग मामीकडं. "आपलं नाव आपणच लिहायचं, बरं दिसत न्हाई ते," ते हळूच म्हणाले. "साहेब समोर बसले व्हते."

मामीनं पदराला हात पुसले. मला वाटलं आता ती त्यांना फाडून खाणार. पण ती बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली आला होता.

"एकोणीस माणसांला तुम्ही अध्यक्ष दिसले," ती म्हणाली. "एक तुम्हालाच न्हाई दिसले."