गाण्यात शिरलेली हाक

आमचा बँड औरंगाबादच्या कॉलेजात जुळला. गिटारवाला आणि ड्रमवाला तिथलेच, गायक सिरसाळ्याचा आणि मी केजची. मी कीबोर्ड वाजवायची. मुलीनं असल्या धांगडधिंग्यात असणं आमच्या घरी कुणालाच पटत नव्हतं. शेवटी आई एकदा जेवताना म्हणाली, "वाजवू द्या तिला," आणि विषय मिटला.

गायकाचं घर मेंढरांचं. त्याचे वडील उभा जन्म कळपामागं फिरलेले. त्यांना आम्ही सगळेच आबा म्हणायचो. त्यांची एक हाक होती. पाणी दिसलं की हनुवटी वर करून ते ती द्यायचे, "ह्योऽऽ ईर्र, ईर्र, ईर्र!" ती ऐकली की विखुरलेली मेंढरं चरणं सोडून धावत सुटायची. एरवी कळप वळवायला ते जिभेनं टकटक करायचे, नाहीतर काठी आपटायचे. ही हाक मात्र फक्त पाण्यासाठी राखलेली.

आम्ही पहिला अल्बम करायला घेतला तेव्हा पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. गायकाची सगळी गाणी त्यावरच होती. माजलगावच्या धरणाचं पाणी पार आत सरकलं होतं आणि आबा तिथं कळप घेऊन उतरले होते. गायकानं तिथं जाऊन ती हाक मोबाइलवर टिपून घेतली. आबांना हसू आलं. "माझं वरडणं कोण ऐकणार बे?"

पुण्याच्या स्टुडिओत गाण्याच्या सुरुवातीलाच ती हाक घातली. मग क्षणभर काहीच नाही, आणि एकदम ड्रम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

अल्बम चालला. आम्हाला कधी वाटलं नव्हतं इतका चालला. केजच्या स्टँडवर जीपवाले तेच गाणं लावून सीटा भरायचे. चहाच्या टपरीवर तेच, कॉलेजच्या गॅदरिंगला तेच. मुंबईच्या कार्यक्रमात तर आम्ही स्टेजवर आलो की अख्खा हॉल "ईर्र, ईर्र" ओरडायचा. मला ते आवडायचं. गायकालाही सुरुवातीला आवडलं असावं.

मग एकदा आबांचा फोन आला. गायकानं स्पीकर चालू केला, म्हणून मीही ऐकलं. आबा म्हणत होते, "रस्त्यानं तुमचं गाणं लावून गाडी गेली की मेंढरं माना वर करत्यात. पळत जात्यात. पाणी दिसंना की माघारी येऊन माझ्याच तोंडाकडं बगत्यात." सांगताना ते हसत होते. गायक हसला नाही.

त्याच उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका सहकारी कारखान्यानं आमचा सत्कार ठेवला. कारखान्यानं चारा छावणी उघडली होती, तिथंच मांडव घातला. छावणीत गाई-म्हशी-बैलांना जागा होती, मेंढरांना नव्हती. मेंढपाळ बाहेरच असायचे, रस्त्यापलीकडच्या पडीक रानात. आत टाकून दिलेलं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला, कुणी आणून दिलं तर कळपाला घालायचे. आबाही त्या दिवशी कळप घेऊन तिथंच थांबले होते. पोराचा सत्कार त्यांना लांबून का होईना बघायचा होता.

चेअरमननी गायकाच्या खांद्यावर शाल टाकली. टाळ्या सुरू झाल्या आणि कर्ण्यावाल्यानं हौसेनं आमचं गाणं लावलं.

गायकाच्या लक्षात माझ्या आधी आलं. "बंद करा! बंद करा ते!" म्हणत तो शालीसकट स्टेजवरून उडी मारून धावला. लोकांना वाटलं, जोशात आलाय. टाळ्या आणखी वाढल्या. तोवर हाक चारही कर्ण्यांतून बाहेर पडली होती.

पलीकडचा कळप उठला. आबा काठी आडवी धरून पुढं झाले, पण तहानलेली मेंढरं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघाली आणि सरळ रस्त्यावर आली. छावणीला पाणी घेऊन टँकर येत होता. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, पण भरलेला टँकर जागच्या जागी थांबत नाही.

मी पोचले तेव्हा गाणं चालूच होतं. टाकीच्या झाकणातून हिंदकळलेलं पाणी डांबरावर पसरलं होतं. मेलेल्या मेंढरांना वळसा घालून वाचलेली मेंढरं ते पाणी पीत होती. ड्रायव्हर केबिनमधून उतरला होता. आबांनी त्याला खाली बसवलं. "तुजी चूक न्हाई बाबा," ते म्हणाले. मग पोराकडं वळले आणि कुणी आळ घेतल्यासारखं बोलले, "म्या न्हाई हाक दिली. म्या गप बसलतो."

गायक वाचलेली मेंढरं रस्त्याच्या कडेला वळवू लागला.

पुढच्या आठवड्यात त्यानं अल्बम काढणाऱ्या कंपनीला गाण्यातून हाक काढून टाकायला सांगितलं. कंपनीचा माणूस मवाळपणे म्हणाला, "अहो, लोक त्याच्यासाठीच तर घेतात." मग आम्ही कार्यक्रमात तरी हाकेशिवाय गाऊ असं ठरवलं. पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी ती स्वतःच द्यायला सुरुवात केली. थांबा म्हटलं तर आणखी जोरात. गायकानं माइक स्टँडला लावला आणि तो विंगेत निघून गेला. पुन्हा तो कधी आमच्याबरोबर उभा राहिला नाही. आम्ही तिघांनी दुसरा गायक घेऊन काही दिवस रेटलं, नंतर तेही सुटलं.

पाऊस पुन्हा पडायला लागल्यानंतर एकदा मी सिरसाळ्याला गेले. गायक आता सकाळी गावातल्या दूध संस्थेत कामाला जायचा आणि दुपारी कळपामागं. अल्बम अजून खपत होता. "गातोस का?" मी विचारलं.

"रानात गुणगुणतो. आबा जवळ असले की न्हाई."

आबांनी ती हाक कायमची सोडली होती. आता ते दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचे. त्या वर्षी जन्मलेली कोकरं शीळ ऐकून पळत यायची. जुन्या मेंढ्यांना मात्र तिचा अर्थच कळत नव्हता. संध्याकाळी ओढ्याला पाणी असूनही एक म्हातारी मेंढी टेकाडावर तशीच उभी राहिली. आबांनी दोनदा शीळ घातली, मग काठी माझ्या हातात दिली आणि तिला आणायला स्वतः टेकाड चढू लागले.