तराजूमागचा चहा

शहाद्याला लोणखेडा रस्त्यावर त्याचं चिकनचं दुकान आहे. मी त्याला चाचा म्हणतो. नाव कधी विचारलं नाही. सुऱ्याच्या प्रत्येक घावाबरोबर एकेक शब्द बोलायची त्याची सवय.

वजन उतरवायला मी रोज सोळा तास उपाशी राहतो आणि मग फक्त मांस, अंडी, भाज्या खातो, भाकरी बंद. हे त्याला मी ऐटीत सांगितलं होतं. तेव्हापासून मी सकाळी गेलो, की तो आपला चहाचा ग्लास तराजूमागे सरकवायचा. "तुमना उपास शे ना, भाऊ."

रमजानात एकदा दुपारी गेलो. माझी खायची वेळ झाली होती. तो कोंबडी कापत असताना मी उभ्यानेच डब्यातली उकडलेली अंडी खायला लागलो, वर घटाघटा पाणी प्यायलो. त्या दिवशी घावांबरोबर शब्द येत नव्हते. त्याचा रोजा होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याने स्टूल पुढे केलं, पंखा माझ्याकडे वळवला. "उपास सुटना का, भाऊ? बठा, आरामशीर खा."

तेव्हा कुठे मला तो तराजूमागचा ग्लास आठवला. हातातलं अर्धं अंडं मी मुठीत लपवलं. पण तोवर त्याने पाठ फिरवली होती, मला नीट खाता यावं म्हणून.