सोवळेभियांचं शुद्ध रक्त

इंदूरच्या राजवाड्यासमोर पोहे खाताना सोवळेभिया खिशातून स्वतःचा चमचा काढायचे. रुमालात गुंडाळलेला तो चमचा म्यानातून तलवार उपसावी तशा थाटात बाहेर यायचा. पूर्वज होळकरांच्या फौजेतले. वंशजाकडे शस्त्र एवढंच उरलं होतं!

एकदा मी मुद्दाम माझा चमचा त्यांच्या पोह्यांत बुडवला. भियांनी सगळे पोहे समोरच्या गाईपुढे ओतले. म्हणाले, "उष्टं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं, भिया. फोकट में मिळालं तरी घ्यायचं नाही." पोटच्या लेकरानं, मनूनं, अर्धी टाकलेली जलेबीसुद्धा ते खात नसत. ती वहिनी संपवायच्या.

"तू म्हणजे या घरची कचरापेटी," भिया म्हणत. वहिनी हसून बोटं चाटत.

मनूला रक्ताचा कर्करोग झाला. कुणा परदेशी दात्याचा बोनमॅरो दिला, तो रुजलाही. पण नवी प्रतिकारशक्ती उभी राहण्याआधीच एक विषाणू उसळला. औषधं बदलली, वाढवली. तो दाद देईना. मनूला धाप लागू लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा विषाणू ज्याला होऊन गेलाय, त्याच्या रक्तातल्या लढाऊ पेशी वाढवून मनूला देऊन बघू. आईच्या किंवा वडिलांच्या."

भियांनी तिथेच बाही वर सारली. "माझ्या घ्या, मॅडम. एकदम शुद्ध माल!"

रक्त तपासलं. खरंच इतकं शुद्ध निघालं, की त्या विषाणूशी त्याची कधी गाठच पडली नव्हती.

"बहुतेकांना लहानपणीच होतो, लाळेतून, उष्ट्यातून. कळतही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या पेशी त्याला ओळखणारच नाहीत."

वहिनींच्या ओळखत होत्या.

भियांची थट्टा करायची एकही संधी मी आजवर सोडली नव्हती. त्या दिवशी सोडली. भिया बाही खाली करायचंही विसरले होते.

वहिनींचं रक्त प्रयोगशाळेत गेलं. पेशी वाढायला वेळ लागतो. तोवर भिया दिसेल त्याला विचारत, "मी काय करू?" नर्स म्हणायची, "अंकलजी, आप बस बैठिए." तेवढंच त्यांना जमत नव्हतं.

पेशी तयार झाल्या. मनूला तोवर थांबता आलं नाही.

पुढे डॉक्टरीणबाईंनी दबकत भियांना विचारलं, "दुसऱ्या एखाद्या मुलाशी जुळल्या, तर त्या पेशी देऊ का?"

भाजी कुठली आणायची इथपर्यंत घरातलं सगळं भियाच ठरवत आले होते. ते बाजूला सरकले.

"हिच्या आहेत," म्हणाले. "हिला विचारा."

वहिनींनी डोळे पुसले नाहीत.

"द्या," त्या म्हणाल्या. "फक्त त्याला वाट बघायला लावू नका."