चंद्रव्वा जॅझ ऐकते

सोलापूरच्या बाळीवेशीत गुरुबसप्पांचं भुसाराचं दुकान होतं आणि दुकानामागे राहायच्या दोन खोल्या. गुरुबसप्पा बहात्तरच्या दुष्काळात गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक मुलगा सिद्धाराम नोकरीसाठी कॅनडाला गेला. दुकान भाड्यानं दिलं, आणि मागच्या खोल्यांत त्यांची बायको चंद्रव्वा एकटी राहिली. सकाळी आंघोळ, लिंगपूजा, मग दोन भाकऱ्या. एक दुपारची, एक रात्रीची. एवढं झालं की दिवसाचं काम संपायचं आणि दिवस मात्र तसाच उरायचा.

सिद्धारामनं मुंबईत इंजिनिअरिंगला असताना एक रेकॉर्ड प्लेअर घेतला होता, आणि डझनभर परदेशी रेकॉर्डी. सुट्टीत घरी आला की लावायचा. गुरुबसप्पा दुकानातून कानडीत ओरडायचे, "साकु रे, साकु." पुरे कर म्हणायचे, पण उठून बंद करायला कधी आले नाहीत. कॅनडाला निघताना बॅगा बांधून झाल्यावर सिद्धाराम म्हणाला, "अव्वा, हे मशीन मधूनमधून लावत जा. पडून राहिलं तर बिघडेल." सुई कशी टेकवायची ते त्यानं तिचा हात धरून दाखवलं.

तिनं ते काम म्हणूनच पत्करलं. शिलाई मशीनला तेल घालावं, तसं. दुपारी जेवण झालं की एक रेकॉर्ड लावायची आणि चटणीसाठी शेंगा फोडायला बसायची. त्या गोंगाटाचा तिला त्रासच व्हायचा. लग्नघरात सगळे एकदम बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, तसं ते वाटायचं. रेकॉर्ड संपली की हुश्श करून ती मशीनवर कापड टाकायची.

असं वर्षभर तरी चाललं असेल. एके दिवशी शेंगा फोडता फोडता तिच्या लक्षात आलं की आपला हात कशाच्या तरी मागनं चाललाय. शेंग उचलायची, दाबायची, दाणे टाकायचे, सगळं एका चालीत. ती थांबली आणि कान देऊन ऐकू लागली. सगळ्या गोंगाटाच्या खाली कुणीतरी एक जाड तार छेडत होता. वरचे कितीही धावले, ओरडले, तरी हा आपला पावलापुढं पाऊल टाकत निघालेला. तिनं पाटी बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड लावली. त्या दुपारी शेंगा तशाच राहिल्या.

जाड तारवाला सापडल्यावर बाकीचेही एकेक करून वेगळे झाले. इंग्रजी नावं तिला वाचता येत नव्हती, म्हणून तिनं आपलीच नावं ठेवली. वेष्टनावर गाल फुगवून पिपाणी वाजवणारा काळा माणूस होता, तो गालफुग्या. दुसऱ्या एका रेकॉर्डीतल्या पिपाणीचा आवाज नाक चोंदल्यासारखा यायचा, तो पडशा. हळूहळू तिला हेही उमगलं की सुरुवातीला सगळे मिळून एक चाल म्हणतात आणि शेवटी तीच चाल पुन्हा म्हणतात. मधल्या वेळात एकेकजण ती चाल सोडून आपल्या वाटेनं भटकून येतो, आणि तो परत येईपर्यंत बाकीचे त्याच्यासाठी जागा धरून ठेवतात. मठातल्या भजनात असं थोडंफार व्हायचं. पण तिथं भटकणारा बुवा एकच असायचा. इथं प्रत्येकाला पाळी मिळायची.

एका रेकॉर्डीत एक बाई गायची. शब्द कळत नव्हते. पण सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एकटीच चुलीपुढं बसलेली बाई स्वतःशी बोलावी, तसा तो आवाज होता. ती रेकॉर्ड चंद्रव्वा रोज लावायची नाही. लावली की संध्याकाळी दिवा लावायलाही उठावंसं वाटायचं नाही.

शेजारच्या दानम्मानं एकदा दारातून विचारलं, "काय गं, घरात बँडवाले बोलावलेस काय?"

चंद्रव्वानं तिला आत बोलावलं, पाट दिला. "ऐक. खालचा जाड आवाज हाय की, त्येच्या मागं मागं जा."

दानम्मानं डोळे मिटून थोडा वेळ खरंच ऐकलं. मग म्हणाली, "चांगलं हाय. पण माझं धुणं पडलंय बघ," आणि उठून गेली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही, चंद्रव्वानंही नाही.

सिद्धारामला हे सांगावं असं तिला फार वाटायचं. पण तिची पत्रं दानम्माची लेक लिहायची. पडशाची गोष्ट त्या पोरीला कशी सांगायची? तब्येत बरी आहे, काळजी करू नकोस, एवढंच लिहून व्हायचं. बाकीचं तो आल्यावर बोलू, असं तिनं ठरवून टाकलं. नवीन काही कळलं की ती मनात म्हणायची, हे सिद्धूला दाखवायचं.

तो अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत आला, गड्ड्याच्या जत्रेला. तीन आठवड्यांची रजा होती, त्यातली निम्मी पाहुण्यांकडं गेली. शेवटी एका दुपारी तो घरी सापडला. खाटेवर पेपर वाचत पडला होता. तिनं पडशाची रेकॉर्ड लावली आणि त्याच्या पायाशी येऊन बसली.

"अव्वा, हे अजून चालतं?" त्याला हसू आलं.

"तूच म्हणालतास की, लावत जा म्हणून."

"मी आपलं म्हटलं होतं."

"थांब. आता जाड तारवाला एकटाच ऱ्हातो बघ. बाकीचे गप बसतात."

"कोण?"

तिनं बोट वर केलं. त्यानं पेपर खाली घेऊन ऐकलं. "हो की," म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "खरं सांगू का अव्वा, हॉस्टेलमध्ये सगळे ऐकायचे म्हणून मीही ऐकायचो. मला त्यातलं कधी फारसं कळलं नाही."

"तिकडं हे वाजवणारी माणसं असतील की?"

"असतील. मी कधी गेलो नाही." त्यानं कपाळ चोळलं. "बंद करतेस का जरा? डोकं चढलंय."

तिनं उठून सुई उचलली. मग त्याच्यासाठी चहा टाकला. आणखी चार दिवसांनी तो गेला. स्टेशनवर ती रडली नाही. घरी आल्यावर मशीनवर कापड टाकलं आणि ते बरेच दिवस काढलं नाही. इतकी वर्षं ती त्या रेकॉर्डींपाशी मुलाची वाट बघत बसली होती, आणि मुलगा तिथं कधी आलाच नव्हता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दानम्मानं विचारलं तेव्हा म्हणाली, "सुकलाय लई. तिकडचं जेवण मानवत न्हाय वाटतं."

उन्हाळा लागला. एका दुपारी कसलीतरी आठवण येऊन तिला बेचैन वाटू लागलं. सिद्धूची असेल, असं तिला वाटलं. पण ती त्याची नव्हती. तिला पडशाला ऐकायचं होतं. थोडी लाज वाटली, तरी तिनं कापड काढलं.

त्याच आठवड्यात ती पडशाचं रिकामं वेष्टन पिशवीत घालून नव्या पेठेतल्या रेकॉर्डींच्या दुकानात गेली. दुकानदारानं न विचारताच भक्तिगीतं पुढं केली. तिनं वेष्टन दाखवलं.

"असलं दुसरं हाय काय?"

"नातवासाठी का, मावशी?"

"न्हाय. मला."

त्यानं वेष्टन उलटंपालटं करून पाहिलं. सोलापुरात हे कुणी मागत नाही, मुंबईहून मागवावं लागेल, वेळ लागेल, म्हणाला. चालेल म्हणाली. पावसाळ्यात त्याचा निरोप आला, तेव्हा ती चालत जाऊन रेकॉर्ड घेऊन आली. नवी रेकॉर्ड पदराखाली धरली होती.

दोन दिवस तिला त्यातलं काहीच लागलं नाही. सगळे नवखे होते, त्यांची चालही वेगळी होती. तिसऱ्या दुपारी ती भिंतीला टेकून नुसतीच बसली होती, आणि खालून कुणीतरी सावकाश चालत आलं.

"आला बघ," ती मोठ्यानं म्हणाली.

घरात कुणी नव्हतं. ती बाजू संपेपर्यंत तिनं ऐकलं, मग उठून रेकॉर्ड उलटी केली.